दोनशे वीस डिग्रीवर भाजलेले स्केट्स

सतरा वर्षांच्या मुलीचा पाय वाढत नसतो. हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या वेळा म्हटलं, की माझ्याकडे पोपट असता तर तोही म्हणायला लागला असता. पण ऐकलं कोणी? सगळी गल्ली कानात पीठ कोंबून बसली होती. पीठ अर्थातच एलिओदोरोचं. त्याच्याकडे येतोच.

माझं दुकान बोगोतात, पार्कातल्या रिंकच्या फाटकासमोर. तीस वर्षं मी बूट शिवले. मग समोर रिंक झालं, पोरं चाकांचे बूट घालून काठीने चकती हाणायला लागली, आणि एकेक जण लंगडत माझ्या दारात यायला लागला. कुणाच्या घोट्याला फोड, कुणाचं नख काळंनिळं. मी बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. हे लोक स्केट्स घेतात ते डोळ्यांनी! रंग बघतात, चमकत्या पट्ट्या बघतात. अरे, पायाकडे कुणी बघणार की नाही? तेव्हापासून मी हॉकीचे स्केट्स पायाला बसवून देतो. लोक मला मास्तर म्हणतात. नुसतं म्हणतात, ऐकत नाहीत.

नियम अगदी सोपा आहे. उभं राहिलं की बोटं पुढच्या टोकाला नुसती टेकली पाहिजेत, शेजारणीच्या दारावर हळूच टकटक केल्यासारखी. गुडघे वाकवले की ती जरा मागे सरकली पाहिजेत. आणि टाच? टाच हलता कामा नये. बूट जुना चालेल, विटका चालेल, दोन रंगांचा चालेल. टाच हलली की खेळ संपला.

हे सगळ्या गल्लीत एकट्या सुल्माला कळलं होतं. रिंकवरची सगळ्यात वेगवान पोरगी. तिच्या आधी दोघांनी वापरून टाकलेले स्केट्स तिच्याकडे आले, आणि मी दोन वर्षं त्या बुटांवर मेहनत घेतली. तिच्या डाव्या करंगळीजवळचं हाड जरा बाहेर आहे, तिथे लाकडी गोळा घालून बूट ताणला. टाचेशी चामड्याची पातळ पट्टी चिकटवली. लेसखालची जीभ दोनदा बदलली. शेवटी तो बूट तिच्या पायाचा सख्खा भाऊ झाला. घातला की ती विसरून जायची की काही घातलंय.

आणि त्या रविवारी, रस्ते गाड्यांना बंद होते म्हणून पोरगी उतारावर सराव करायला गेली. गटाराच्या जाळीत पुढचं चाक अडकलं. सुल्मा ठणठणीत. बूट ठणठणीत. पण बुटाखालची, चाकं धरून ठेवणारी फ्रेम मधोमध तडकली.

बरोबर सात दिवसांनी, पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता, शहराच्या मुलींच्या संघाची निवड होती. अठरा वर्षांच्या आतल्यांची. सुल्मा ऑक्टोबरात अठराची होणार. म्हणजे हीच वेळ, पुढची नाहीच.

"मास्तर, होईल ना?" सोमवारी सकाळी ती तडकलेल्या फ्रेमचा स्केट हातात धरून म्हणाली.

"फ्रेमची एक जोडी लागेल. मी मागवतो. बुधवारी येईल, गुरुवारी बसवून देतो. रडू नकोस."

"मी कुठे रडतेय?"

"मग मीच रडत असेन. जा घरी."

मी फोन उचलला, तेवढ्यात तिची आई, ओतिलिया, धावत आली आणि तिने तो माझ्या हातातून काढूनच घेतला.

"मास्तर, नको! कोंपाद्रेंनी सांगितलंय, ते देणार."

कोंपाद्रे म्हणजे एलिओदोरो. कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक आणि सुल्माचा पाद्रिनो. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांवर धरून उभा होता तो. आता, आमच्याकडे पाद्रिनोने शब्द दिला की ती वस्तू दुसऱ्या कुणी आणायची नाही. आईने नाही, बापाने नाही, बूट शिवणाऱ्याने तर नाहीच. आणली तर तो अपमान, आणि असे अपमान आमच्या गल्लीत लोणच्यासारखे मुरतात, वाया जात नाहीत.

मी तडक बेकरीत गेलो. एलिओदोरो गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभा राहून आधीच भाषण देत होता.

"एलिओदोरो, फक्त फ्रेम आण," मी म्हटलं. "बूट तिचे आहेत. पायाला बसलेले आहेत."

"फक्त फ्रेम?" त्याने पावाचा चिमटा काउंटरवर आपटला. "मास्तर, बाप्तिस्म्याला मी पोरीला अर्धा झगा घातला होता का? अर्धी मेणबत्ती पेटवली होती का?"

"हे वेगळं आहे."

"वेगळं काय त्यात? देईन तर अख्खं देईन. डोक्यापासून चाकांपर्यंत!"

गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. पाव घ्यायला आलेल्या माणसाला टाळ्या वाजवायला काय जातं?

"बरं, मग निदान नंबर तरी लिहून घे. सदतीस."

"मास्तर, मी तुम्हाला बूट कसा शिवायचा ते सांगतो का? आल्मोहाबाना खा एक, गरम आहे."

खाल्लं मी. चीजचा तो पाव एलिओदोरोसारखा कुणी करत नाही, हे मला रागातही मान्य करावं लागतं. राग मात्र तसाच राहिला, त्याच्यावर लोण्याचा हात फिरला एवढंच.

गुरुवारी सोळा जुलै. कार्मेनच्या मातेचा सण. गाड्या चालवणाऱ्यांची ती माता, त्यामुळे बस, टॅक्सी, ट्रक, दूधवाल्याची गाडी, सगळी वाहनं धुऊन, फुगे बांधून चर्चसमोर रांगेत. फादर येतात, पवित्र पाणी शिंपडतात, आणि शिंपडलेला प्रत्येक जण हॉर्न वाजवत सुटतो. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. बघतो तर रांगेत एलिओदोरोची पावाची गाडी. तिच्या बॉनेटवर झालर लावलेली उशी, आणि उशीवर नवे कोरे स्केट्स. प्रत्येक स्केटला दोन फुगे. शेजारी हेल्मेट, त्याच्यात फुलं. नडगीचे पॅड मोटारीच्या आरशांना टांगलेले.

"स्केट्सवर पाणी कशाला?" मी शेजारच्या टॅक्सीवाल्याला विचारलं.

"चाकं आहेत ना?" तो म्हणाला. "मग गाडीच झाली की."

तेवढ्यात माझी नजर गाडीच्या टपावरच्या खोक्यावर गेली. खोक्यावर हा एवढा मोठा आकडा. एकेचाळीस.

"थांबा!" मी ओरडलो. "एकेचाळीस आहेत! फादर, थांबा!"

सोळा जुलैला आमच्या गल्लीत तोफ उडाली तरी ऐकू येणार नाही. चाळीस हॉर्न एकदम वाजत होते. फादरांनी माझ्याकडे बघून हात हलवला. त्यांना वाटलं मलाही आशीर्वाद हवाय. माझ्या चष्म्यावर दोन थेंब आले, बाकीचे सगळे स्केट्सवर.

"वाढत्या वयाची पोर आहे," एलिओदोरो नंतर शांतपणे म्हणाला. "चार नंबर मोठे घेतले. लग्नापर्यंत चालतील."

"सतरा वर्षांच्या मुलीचा पाय वाढत नसतो! पावती आहे ना? आत्ताच्या आत्ता जा आणि बदलून आण."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला देव्हाऱ्यातली मूर्ती गहाण टाकायला सांगितली. "आशीर्वाद घेतलेली वस्तू परत करू? दुकानदाराला काय सांगू, पवित्र पाणी पुसून घ्या?"

रांगेतल्या सगळ्या चालकांनी माना डोलावल्या. फादरांनीसुद्धा डोलावली. म्हणजे झालं. सुल्माच्या नशिबावर आता अधिकृत शिक्का बसला होता, आणि तो चार नंबर मोठा होता.

शुक्रवारी ओतिलिया पोरीला घेऊन दुकानात आली. सगळं सामान घेऊन.

"मास्तर, मोठे आहेत तर काय झालं? भर घालू."

"ओतिलिया, ही उशी आहे का भर घालायला?"

पण तिने पिशवी उघडलीच. लोकरी मोज्यांचे तीन जोड. सोफ्याच्या गादीतून कापलेला फोम. वर्तमानपत्राची क्रीडा पुरवणी, "खेळाचीच घेतली, शुभ असते." पुरवणीचा बोळा पुढे, फोम मागे, मोजे मधे, आणि ह्या सगळ्यात कुठेतरी सुल्माचा पाय. लेस ओढून ओढून माझ्या बोटांना वळ पडले. शेवटी घोट्यापाशी लेसच्या दोन्ही बाजू एकमेकांना भेटल्या, तरी आत जागा उरली. मी मूठ घालून दाखवली. माझी मूठ, आत, पायासकट!

"आता हेल्मेट," ओतिलिया म्हणाली.

हेल्मेटसुद्धा वाढत्या वयाचंच होतं. सुल्माने मान डावीकडे वळवली, हेल्मेट सरळच बघत राहिलं. ती आता कानाच्या भोकातून माझ्याकडे बघत होती. नडगीचे पॅड थेट मांड्यांपर्यंत. गुडघा वाकवायला गेली तर पॅड वाकेना, पोरगीच मागे वाकली.

"चल, रिंकवर एक फेरी मार," मी म्हटलं. आईला दिसू दे एकदा.

सुल्मा निघाली. सरळ गेली तोवर बरं होतं. वळणावर तिने पाय डावीकडे वळवला. पाय वळला. स्केट वळला नाही. पाय बुटाच्या आत एकटाच डावीकडे गेला, स्केट सरळ, आणि पोरगी दोघांच्या मधे. कठड्याला जाऊन आपटली तेव्हा बुटातून क्रीडा पुरवणीचं एक पान बाहेर आलं.

ती उठली, हेल्मेट फिरवून डोळ्यांसमोर जाळी आणली आणि माझ्याजवळ आली. आवाज अगदी लहान झाला होता.

"मास्तर, पाद्रिनोने इतक्या प्रेमाने दिलेत. पण ह्यात मला वळताच येत नाही. रविवारी जाऊच नको का?"

  तेवढ्यात फाटकातून एलिओदोरो आला, हातात गरम पावांची पिशवी, चेहऱ्यावर कौतुक. "काय, कसे आहेत?" आणि माझा बांध फुटला.

"कसे आहेत? एका स्केटमध्ये दोन मुली बसतील असे आहेत! एलिओदोरो, चांगले हॉकीचे स्केट्ससुद्धा आधी पायाच्या नंबरचे घ्यावे लागतात. मग ते भट्टीत जरा गरम करतात, चाकं काढून, ऐंशी डिग्रीला, पाच-सात मिनिटं. बूट मऊ पडतो, तो पायावर चढवून बसवतात. इकडे एक कणभर, तिकडे एक कणभर. तेवढंच! चार नंबर त्याने कमी होत नाहीत! कळलं?"

"भट्टीत?" एलिओदोरो म्हणाला.

"पायाच्या नंबरचे, असं म्हणतोय मी!"

"भट्टीत," तो पुन्हा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत एक चमक आली. ती मी तेव्हाच ओळखायला हवी होती. पण मी संतापलेलो होतो, आणि संतापलेल्या माणसाला स्वतःचाच आवाज गोड लागतो. "आण ते इकडे, पोरी," तो म्हणाला, "मी नेतो. जरा पुसून-बिसून ठेवतो."

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी गोलकीपरच्या पॅडचा पट्टा शिवत होतो आणि वास आला. आधी वाटलं, बसचा ब्रेक जळतोय. मग वाटलं, कुणीतरी टायर तळतंय. मग मला ती चमक आठवली. हातातली सुई तशीच सोडून मी पळालो.

बेकरीच्या दारातून काळा धूर येत होता. रांग मात्र जागची हलली नव्हती. शनिवारचं तीनचं ताजं आल्मोहाबाना सोडून कोण जाणार? लोक नाकाला रुमाल लावून आपापला नंबर धरून उभे होते. पहिल्या नंबरचे म्हातारे, निवृत्त बसचालक, एक पाव चावत होते.

"आज चीज वेगळं आहे का हो?" ते मला म्हणाले. "जुन्या बसची आठवण आली."

मी त्यांच्या हातातला पाव काढून घेतला. ते रागावले. रागावू देत.

आत एलिओदोरो ट्रे समोर ठेवून उभा होता. ट्रेवर एका बाजूला आल्मोहाबाना आणि दुसऱ्या बाजूला धर्मकन्येची भेट. चाकं वितळून सगळी एकमेकांत मिसळली होती आणि ट्रेला घट्ट धरून बसली होती. दोन्ही बूट एका कुशीवर कलंडले होते, रविवारचं जेवण अंगावर आलेल्या माणसासारखे. फुगे तेवढे आधी काढले होते. एवढी अक्कल होती.

"किती डिग्री?" मी विचारलं. 

"दोनशे वीस."

"आणि किती वेळ?"

"वीस मिनिटं. आल्मोहाबानाइतकाच."

"मी काय सांगितलं होतं?"

"भट्टी सांगितली होती."

"ऐंशी डिग्री सांगितली होती! चाकं काढून!"

"ऐंशी डिग्रीला, मास्तर, माझ्या पिठाला घामसुद्धा येत नाही." तो बोलत होता खरा, पण चेहरा पिठासारखा पांढरा होता. "नाताळात डुकराची तंगडी भाजतो मी. आत जाते तेव्हा एवढी असते, बाहेर येते तेव्हा एवढी. म्हटलं, चार नंबर सहज जातील." आणि मग तो मैद्याच्या पोत्यावर बसला. मऊ पोतं आणि जड माणूस, पांढरा धुरळा उडाला. "उद्या नऊ वाजता निवड आहे, मास्तर. पोरीचं मी वाटोळं केलं."

माझ्याकडे शब्द तयार होते. सोमवारपासून साठवलेले, एकाहून एक धारदार. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात ट्रेवर काहीतरी चकाकलं.

फ्रेम! बूट कलंडले होते, चाकं वितळली होती, पण अ‍ॅल्युमिनियमच्या त्या दोन फ्रेमा जशाच्या तशा होत्या. किंचित काळ्या पडलेल्या, एवढंच. अ‍ॅल्युमिनियमला आल्मोहाबानाच्या भट्टीचं काय?

"ट्रे दे," मी म्हटलं.

"ट्रे?"

"ट्रेसकट दे. आणि पुढचे तीन तास माझ्या दुकानाकडे फिरकू नकोस."

सुल्मा आणि ओतिलिया वासाच्या मागून माझ्या दुकानापर्यंत आल्याच होत्या. सुल्माने ट्रे बघितला, खुदकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"तुझे जुने बूट आण," मी म्हटलं. "धावत."

छिन्नीने वितळलेली चाकं सोडवली. भाजके बूट फ्रेमपासून वेगळे केले. जुन्या बुटांचे रिव्हेट कापले, तडकलेली फ्रेम काढून फेकली आणि पाद्रिनोची फ्रेम खाली ठोकून बसवली. जुनी चाकं आतल्या कडेने झिजली होती, ती उलटी करून लावली. फ्रेम एकेचाळीसची, बूट सदतीसचा, त्यामुळे ती पुढे एक बोट आणि मागे एक अंगठा बाहेर आली. ते बघून मला भरून आलं. दुःखाने! तीस वर्षांत माझ्या हातून असं काम बाहेर पडलं नव्हतं.

"सरळ जाशील ती वाऱ्यासारखी," मी तिला सांगितलं. "पण वळताना बस वळवतात तसं कर. आधीपासून वळायला लाग, आणि मोठं वळण घे."

म्हणजे सोमवारी मी जे करा म्हणत होतो, तेच शनिवारी झालं. मधे फक्त एक मिरवणूक, एक आशीर्वाद आणि एक आग झाली.

सहाला एलिओदोरो दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात. सुल्मा स्केट्स घालून बाकावर बसली होती. तो तिच्या पायांकडे बघत राहिला.

"पाद्रिनो," सुल्मा म्हणाली, "झाले की लहान! बघा, बसले."

मी मान वर केली. पोरगी डोळ्याची पापणीही न लववता खोटं बोलत होती.

"पण हे तर जुने दिसतात," तो म्हणाला.

"भाजल्यावर जुनं दिसणारच ना."

एलिओदोरोने वाकून बूट निरखला. ओरखडे, ठिगळं, झिजलेलं नाक. मी मनात म्हटलं, आता कळेल ह्याला. आंधळ्यालाही कळेल. पण त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पडलं.

"वरचा करपलेला थर मास्तरांनी खरवडला," तो म्हणाला. "खरवडला की आतून पाव चांगलाच असतो!"

"एलिओदोरो, हे तिचे..." मी सुरुवात केली, आणि ओतिलियाची टाच माझ्या बोटांवर आली. ती टाच मात्र कुठेही हलत नव्हती. 

रविवारी नऊ वाजता रिंकच्या कठड्याभोवती सगळी गल्ली. एलिओदोरो कोट घालून. निवड करणाऱ्या बाई, आमिंता, बारीक अंगाच्या, गळ्यात शिटी, टेबलावर पानेलाच्या, म्हणजे गुळाच्या, गरम पाण्याचा थर्मास. सुल्माला चौदा नंबर मिळाला.

शिटी वाजली. सुल्मा निघाली. इतक्या वेगात की माझ्याच छातीत धडधडलं. शेवटच्या वळणाला तिने वळायला सुरुवात केली, पण बस वळवतात त्याच्या एक क्षण उशिरा. फ्रेम म्हणाली, मी सरळच जाणार. सुल्मा टेबलावर गेली. थर्मास आमिंताबाईंच्या मांडीवर.

"चौदा नंबर!" बाई ओरडल्या. "हे स्केटिंग आहे का ब्रेक गेलेला ट्रक?"

"आशीर्वाद घेतलेले आहेत, बाई!" एलिओदोरो ओरडला. "घाबरू नका!"

मी डोळे मिटले. फ्रेमचं ते बाहेर आलेलं बोट आणि अंगठा, हे माझ्याच हातचं काम होतं. पोरगी आता संपली, आणि संपवली आम्ही दोघांनी मिळून, त्याने प्रेमाने आणि मी हातोडीने.

कठड्याशी गलका झाला म्हणून डोळे उघडले. आता मुलींचा सामना लावला होता, आणि सुल्मा पुन्हा निघाली होती. ह्या वेळी तिने अर्ध्या रिंकपासूनच वळायला सुरुवात केली. मोठं, रुंद वळण, बाकीच्या मुलींच्या बाहेरून. त्या आत कोपऱ्यात एकमेकींना अडवत होत्या आणि ही बाहेरून सुसाट. लांब फ्रेम वेगात जराही डगमगत नाही, हे कारागीर असूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चकती घेतली, कठड्याच्या कडेने नेली, आणि गोल. मग आणखी एक. तिसरा गोल बघायला गोलकीपर वळलीच नाही, तिला आवाजावरून कळलं.

आमिंताबाईंनी तिला बोलावलं. ओल्या पँटनेच गुडघ्यावर बसल्या, तिची टाच धरून हलवून बघितली. पुन्हा हलवली. लेसखाली बोट घालून बघितलं. बाईला काम कळत होतं.

"फ्रेम विचित्र आहे," त्या म्हणाल्या, "पण टाच तसूभर हलत नाही. असा पायाला बसलेला बूट मी ह्या वर्षी बघितला नाही. कोणी बसवून दिला?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी उभा राहिलो. शर्ट नीट केला. घसा साफ केला.

"मी!" एलिओदोरो म्हणाला. "दोनशे वीस डिग्रीला, वीस मिनिटं."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मी बाईंकडे बघितलं. ओतिलिया माझ्या बुटांकडे बघत होती, टाच तयार ठेवून. सुल्माही माझ्याकडे बघत होती. माफी मागत होती की हसू दाबत होती, जाळीमुळे कळलं नाही.

"चौदा नंबर, आत," बाई म्हणाल्या आणि वहीत लिहिलं. एलिओदोरो कोटाच्या बाहीने डोळे पुसायला लागला. त्या माणसाला त्या क्षणी खरं सांगायला दगडाचं काळीज लागलं असतं. ते माझ्याकडे नव्हतं, आणि ह्याचा मला आजही राग येतो.

मंगळवारी बेकरीसमोर रांग. पण हातात टोपल्या नव्हत्या, स्केट्स होते. काचेवर कागद लावलेला: "इथे स्केट्स पायाच्या मापाचे भाजून मिळतील." सगळे दोन-तीन नंबर मोठे, सगळे वाढत्या वयाचे. मी भट्टीसमोर जाऊन उभा राहिलो, बटण ऐंशीवर फिरवलं, हात तिथेच ठेवला आणि म्हटलं, ह्याला जो हात लावेल त्याला आधी मला भाजावं लागेल. तेव्हापासून दर मंगळवारी मी तिथे उभा असतो. चाकं काढतो, नंबर तपासतो, निम्म्या लोकांना परत पाठवतो. ते जाताना एलिओदोरोचे आभार मानतात आणि माझ्याकडे रागाने बघतात.

परवा तो माझ्या दुकानात आला. हातात मोठी पिशवी, चेहऱ्यावर तीच चमक.

"मास्तर, सुल्मासाठी हातमोजे घेतलेत, हॉकीचे. जरा मोठेच घेतले." पिशवीतून त्याने एक मोजा काढला. त्यात कोंबडी बसली असती. "ह्यांना किती डिग्री लावायची?"

मी शांतपणे सुई खाली ठेवली. "पावती आहे?"

"आहे की, पिशवीतच आहे."

"आशीर्वाद झाला का?"

"अजून नाही. चाकं नाहीत, तरी फादर चालवून घेतो म्हणाले. येतीलच एवढ्यात."

खिडकीतून बघितलं. गल्लीच्या तोंडाशी फादर दिसत होते, हातात पाण्याची ती छोटी बादली. दुसऱ्या बाजूला बस थांब्याला लागत होती. मी मोजा त्याच्या हातातून ओढला, पिशवीत कोंबला, पिशवी छातीशी धरली आणि ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी, बसच्या दिशेने धावत सुटलो.